बिनमिठाचा पाव

"सूर्य बघितल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. पाणी चालेल, चहा चालेल, पण साखर घातलीस तर तो चहा नव्हे, ते जेवणच झालं. आणि लोकांना सांगत बसायचं नाही. नेम आपला असतो."

हे मला कमलआत्याने देवरुखला सांगितलं होतं, मी चौदा वर्षांची असताना. तिचा चातुर्मासाचा हा नेम कधी चुकला नाही. आषाढात तिथे आठ-आठ दिवस आभाळ उघडत नाही. ती मागच्या पडवीत छत्री घेऊन उभी राहायची आणि ढगाआड नुसता पांढरट ठिपका दिसला तरी हात जोडून आत यायची. आत्याला जाऊन अकरा वर्षं झाली. या वर्षी आषाढी एकादशीला मी तिचा नेम घेतला, तोही मेलबर्नच्या पॉइंट कुकमध्ये, ऐन थंडीत.

मला नेमांची सवय आहे. पहाटेची अंघोळ, दिवा, सूर्याची बारा नावं, सोमवारचा उपास. माझा नवरा यतिन पूर्वी म्हणायचा, "वीणाचं कॅलेंडर देवांनी आधीच बुक करून ठेवलंय, मला रविवारची संध्याकाळ मिळते." पूर्वी म्हणायचा, कारण मे महिन्यापासून तो फारसं काही म्हणतच नव्हता.

यतिन बस चालवतो. शिकायला म्हणून आला, पुढे बरंच काय काय केलं, आणि शेवटी बसवर रमला. नऊ वर्षं झाली. मे महिन्यात एका धुक्याच्या सकाळी एक सायकलवाली मुलगी अचानक बससमोर आली आणि त्याने ब्रेक दाबला. मुलीला काही झालं नाही. बसमधली एक आजी सीटवरून घसरली, उठली, "नो वरीज, लव्ह," म्हणून पुन्हा बसली. कुणाचीही तक्रार आली नाही. यतिनने बस डेपोत नेली, किल्ली जागेवर ठेवली, घरी आला आणि त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. बसच्या नाही आणि आमच्या गाडीच्याही नाही. कामावरून रजा घेतली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, समुपदेशकाकडे जायला सांगितलं आणि रोज सकाळी अर्धा तास उजेडात चालायला सांगितलं. गोळ्या तो घ्यायचा. बाकी दिवसभर मागच्या खोलीत पडदे ओढून पडून असायचा. जून आला, थंडी वाढली, पाच वाजताच अंधार पडू लागला, आणि तो अंधार त्या खोलीतून घरभर पसरतोय असं मला वाटायला लागलं.

मी त्याला काही बोलले नाही. मला मोठ्याने बोलता येत नाही, आणि हळू बोललेलं त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. मग मी नेम घेतला. यतिन बरा व्हावा असं देवाला सांगितलं का? आत्या म्हणायची, नेमाला अट घालू नये. मी अट घातली नाही. पण देवाला काय कळायचं ते कळलंच असेल.

पहिले दहा-बारा दिवस सोपे गेले. इथे सूर्य उगवतोच साडेसातला, तरी नऊ-दहापर्यंत कुठूनतरी दिसायचा. मी पाच वाजता उठायचे. अंघोळ, पूजा झाली की हातात दोन-अडीच तास असायचे, काही खायचं नसायचं, आणि घर गारठलेलं. मग मी पाव करायला शिकले.

शिकवलं इव्हाआंटीने. ती आमच्या शेजारची, मूळची वसईची, साठीची. मुंबईतल्या बँकेत पंचवीस वर्षं काढून लेकीपाठोपाठ इकडे आली. तिच्या घरी दर शनिवारी भट्टी पेटल्यासारखा वास येतो. यीस्टची पुडी हातात घेऊन मी तिला विचारलं होतं, "आंटी, हे जिवंत असतं ना? मग चातुर्मासात चालेल का?"

"आणि तुझं दही काय मेलेलं असतं?" ती म्हणाली. "पीठ मळ बाय, डोकं मळू नको. दहा मिनिटं मळायचं, कानाच्या पाळीसारखं मऊ लागलं की झालं."

रोज पहाटे मी पीठ मळायचे, ओव्हनच्या दाराशी बसून ते फुगताना बघायचे. खरं सांगते, त्या दोन तासांत मला घरातल्या दुसऱ्या कशाची आठवण व्हायची नाही. मळताना हात गरम व्हायचे. ओव्हन लागला की काचेवरचं धुकं निघायचं आणि स्वयंपाकघर तेवढं तरी माणसांचं वाटायचं.

अडचण एकच होती. सूर्य दिसेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, म्हणजे चाखायचंही नाही. आठव्या-नवव्या दिवशी मी मीठच विसरले. मला कळलंही नाही. रोजच्यासारखे दोन काप लोणी लावून यतिनच्या खोलीत ठेवून आले आणि कामाला गेले. मी एका पाळणाघराच्या स्वयंपाकघरात काम करते, आठवड्यातून तीन दिवस. संध्याकाळी आले तर तो ताटली घेऊन ओट्याशी उभा.

"मीठ नाही," तो म्हणाला.

"काय?"

"पावात. मीठ नाही."

एवढंच बोलून तो परत गेला. पण चार दिवसांत त्याने आपणहून उच्चारलेलं पहिलं वाक्य होतं ते. दुसऱ्या दिवशी मी मीठ घातलं. तो एक काप खाऊन म्हणाला, "आज ठीक." तिसऱ्या दिवशीही मीठ बरोबर होतं, आणि तो काहीच बोलला नाही.

चौथ्या दिवशी मी मीठ मुद्दाम घातलं नाही.

देवघर तिथून चार पावलांवर. मी देवाकडे पाठ करून मिठाचा डबा परत कपाटात ठेवला. चातुर्मासात माणसं कांदा-लसूण सोडतात, मी खरेपणा सोडला. पण यतिन स्वयंपाकघरात आला. म्हणाला, "तू चाखत का नाहीस गं?" आणि स्टुलावर बसला. दहा मिनिटं बसला. त्यानंतर मी कधी मीठ विसरायचे, कधी दुप्पट घालायचे, एकदा जिऱ्याऐवजी बडीशेप घातली. तो रोज येऊन निकाल द्यायचा. आमची निहारिका पंधरा वर्षांची आहे, तिच्या सगळं लक्षात येतं. ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायची, "ही इज लाइक अ बेकिंग शो जज, मम. अ व्हेरी सॅड वन."

मग जुलैचा शेवट आला आणि आभाळ मिटलं.

सोमवारी सूर्य दिसला नाही. मी बिनसाखरेच्या चहावर राहिले. मंगळवारी दुपारी थोडं पांढरं झालं, मी पाळणाघराच्या मागच्या दारात जाऊन उभी राहिले, पण पांढरट ठिपकासुद्धा नाही. पाऊस धड पडतही नव्हता. नुसतं करड्या घोंगडीखाली ठेवल्यासारखं. बुधवारी मला सुट्टी होती. पहाटे पीठ मळताना हात थरथरायला लागले. तरी पाव केला. दुपारी कपडे घड्या करताना डोळ्यांपुढे काळं आलं आणि मी कपड्यांच्या टोपलीवरच बसले.

साडेतीनला निहारिका शाळेतून आली. तिने मला बघितलं, फ्रिज उघडून कालचे डबे बघितले, आणि थेट मागच्या खोलीत गेली. मला तिचा आवाज ऐकू येत होता.

"बाबा, शी हॅझन्ट ईटन सिन्स संडे. संडे, बाबा. तिचं ते सूर्याचं काहीतरी आहे. मी टू-वीक्स बघतेय."

यतिन बाहेर आला. त्याच्या अंगात तोच राखाडी हुडी होता, दाढी वाढलेली. माझ्यासमोर उकिडवा बसला.

"खरं आहे?"

"हं."

"मला वाटायचं तू माझ्याआधी खाऊन घेतेस. मी इथे बसून तुझ्या पावाला नावं ठेवतोय आणि तू..." तो थांबला. "माझ्यासाठी करतेस का हे?"

"नाही. आत्या करायची."

"आत्या देवरुखला करायची. इथे जुलैत सूर्याचा उपास म्हणजे सरळ हॉस्पिटलात बेड बुक करायचा." त्याने हात पुसायच्या टॉवेलला हात पुसले, ते कोरडेच होते. मग मागच्या दारातून बाहेर गेला आणि लगेच आत आला. "दिसला. चल, जेव."

मी भिंत धरून दारापर्यंत गेले. कुंपणावर, शेजारच्या छपरावर, सगळीकडे तीच घोंगडी.

"कुठे?"

"आत्ताच गेला."

निहारिकाने डोळे फिरवले. "बाबा, यू आर सो बॅड ॲट धिस."

चोवीस वर्षांच्या संसारात तो माझ्याशी इतकं वाईट खोटं कधी बोलला नव्हता. मला हसू आलं, पण हसायला जोर नव्हता. त्याने खिशातून फोन काढला आणि हवामानाचं रडार उघडलं. हे त्याचं जुनं वेड. शिफ्टला निघण्याआधी तो रोज ढग बघायचा.

"विरबीच्या पुढे, जिलाँगच्या बाजूला फाटलंय," तो म्हणाला. "सूर्यास्त पाच पंचवीसला. पाऊण तास लागेल."

"मी चालवू शकणार नाही," मी म्हणाले. "चक्कर येतेय."

निहारिका माझ्याकडे बघत होती, मी जमिनीकडे. गाडीची किल्ली दाराशेजारच्या खुंटीवर होती. यतिन खुंटीसमोर उभा राहिला. किती वेळ, ते मला सांगता यायचं नाही. मी मनातल्या मनात बारा नावं दोनदा म्हटली. मग किल्ली वाजली.

"निहारिका, तो पाव घे," तो म्हणाला. "आईला पुढे बसव. बेल्ट लाव."

आमच्या गल्लीतून बाहेर पडायलाच आम्हाला पाच मिनिटं लागली. तो प्रत्येक वळणावर थांबायचा, दोन्हीकडे तीन-तीनदा बघायचा. हायवेला लागताना त्याच्या कपाळावर घाम होता आणि बाहेर नऊ डिग्री. शंभरच्या रस्त्यावर तो डाव्या लेनमध्ये सत्तरने चालला. मागून एक ट्रक हॉर्न देत गेला. त्याचे खांदे कानापर्यंत आले.

"बाबा, एटी?" निहारिका मागून म्हणाली.

"गप."

"ओके. सेव्हन्टी इज लव्हली."

विरबी गेलं. माझं लक्ष आभाळाकडे नव्हतं, त्याच्या बोटांकडे होतं. आधी ती पांढरी पडली होती. कधीतरी ती सैल झाली, आणि एका लॉरीला जागा देताना त्याने नकळत आरशात बघून हात वर केला, बसवाले एकमेकांना करतात तसा. काटा ऐंशीवर होता. मी काही बोलले नाही. नेमाची गंमतच अशी आहे, बोलायचं नाही म्हटलं की कितीतरी गोष्टी आपोआप नीट होतात.

लारा गावाच्या आधी, रस्त्याकडेच्या पेट्रोलपंपाशी, ढगांची कड संपली. उन्हाची एक पट्टी जमिनीलगत आडवी आली आणि समोरची काच एकदम भरून गेली. यतिनने गाडी पंपाच्या मोकळ्या जागेत लावली. इंजिन बंद केलं, पण हात स्टिअरिंगवरच ठेवले. मी दार उघडून उतरले. वारा बर्फासारखा होता. कुंपणापलीकडे वॉटलची दोन झाडं पिवळीधमक फुललेली. मी सूर्याची बारा नावं म्हटली, पाय लटपटत होते म्हणून गाडीला टेकून. एका ट्रकवाल्याने बघितलं, मान हलवून नमस्कार केल्यासारखं केलं आणि आपली कॉफी पीत राहिला.

मग निहारिकाने पाव फोडला. गाडीत बसूनच आम्ही तिघांनी खाल्ला. तो पहिला घास गिळताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"परत मीठ नाही," यतिन म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हणाले. आणि मग मला ते आत ठेवता येईना. "मी मुद्दाम घालत नव्हते. दोन आठवडे. तू बोलायचास म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. मागच्या सीटवर निहारिका चावायची थांबली.

"ती बडीशेप?"

"ती पण."

यतिन हसला. आधी नाकातून, मग तोंडाने, मग स्टिअरिंगवर कपाळ टेकून. हसता हसता कधीतरी त्याचं रडू झालं, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले, आणि आमची मुलगी, जिला मिठ्या मारणं आवडत नाही, तिने मागून दोघांच्या मानेभोवती हात टाकले. परत येताना अंधार पडला होता. तो पंच्याऐंशीने चालवत होता.

घरी आल्यावर त्याने माझ्याशी तह केला. बारापर्यंत सूर्य दिसला नाही तर दूध आणि फळं घ्यायची. दोनपर्यंत दिसला नाही तर तो मला घेऊन जाईल, जिथे दिसेल तिथे. मी मान्य केलं. आत्याला हे चाललं असतं का, ते मी देवावर सोडलं. ऑगस्टमध्ये तो मला सात वेळा घेऊन गेला. एकदा मेल्टनला, एकदा थेट बॅकस मार्शला, एकदा नुसतंच समुद्राकाठी विल्यमस्टाउनला. समुपदेशकाकडेही जायला लागला, दर गुरुवारी. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की चालवायला हरकत नाही. पण डेपोचा फोन आला की तो उचलायचा नाही. गाडी वेगळी, बस वेगळी. बसमध्ये मागे माणसं असतात.

ऑगस्टअखेरच्या एका शनिवारी तो गाडी रिव्हर्स करून लावत होता तेव्हा इव्हाआंटी कुंपणाशी उभी होती. हाताला पीठ.

"काय रे, चालवतोस का परत?"

"थोडंफार."

"मग ऐक. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आमच्या चर्चच्या म्हाताऱ्यांना ट्यूलिप बघायला न्यायचंय, डँडेनॉंगच्या डोंगरात. मिनीबस आहे, चालवणारा ऑस्वाल्ड गुडघ्याचं ऑपरेशन करून बसलाय. तू चालव."

"बघू, आंटी."

"बघू नको. त्यांतल्या तिघीजणी जूनपासून घराबाहेर पडलेल्या नाहीत. मी त्यांना दर रविवारी सांगते, जरा थांबा, वसंत येतोय, ट्यूलिप येतायत. आता काय सांगू, ड्रायव्हर बघतोय? हो म्हण किंवा नाही म्हण. नाही म्हटलंस तरी मी तुला केक देईनच."

यतिन गाडीच्या बॉनेटवर हात फिरवत राहिला. मी घरात जाण्याचं नाटक करत दारातच थांबले होते.

"किती सीटर?" त्याने विचारलं.

"बावीस."

"रस्ता वळणाचा आहे वरती."

"म्हणूनच मला बसवाला पाहिजे, हौशी नको."

तिच्या घरातून व्हॅनिलाचा वास येत होता.

"येतो," तो म्हणाला. "शब्द देतो. पण त्या दिवशी सकाळी मला कुणी फोन करून विचारायचं नाही, येतोस ना म्हणून."

"नाही विचारणार," इव्हाआंटी म्हणाली, आणि पिठाच्या हातानेच तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

पुढचे तीन आठवडे मीही विचारलं नाही. दिवस मोठे होत होते. मागच्या खोलीचे पडदे कधी उघडे असायचे, कधी बंद. एका मंगळवारी तो दिवसभर उठलाच नाही आणि मला वाटलं, संपलं, आता तो जाणार नाही. बुधवारी तो नकाशा घेऊन डोंगरातल्या वळणांचा अभ्यास करत होता. शुक्रवारी निहारिका आणि मी म्हाताऱ्यांसाठी वेलची-केशराचे बन केले, दोन डझन, मीठ बरोबर मोजून. तो आला, एक बन उचलला, खाल्ला. निहारिकाने विचारलं, "वेल?" तो म्हणाला, "चांगलेत," आणि झोपायला गेला. शर्टाला इस्त्री केलेली मी पाहिली नव्हती. बुटांना पॉलिश केलेलंही नाही. मी देवापुढे दिवा लावला तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहीत नाही.

शनिवारी मी नेहमीसारखी पाचला उठले. अंघोळ करून पूजेला बसले. सहाच्या सुमारास मागच्या खोलीचं दार उघडलं. नळाचं पाणी वाहिलं, थांबलं. स्वयंपाकघरात बनच्या डब्याचं झाकण घट्ट दाबल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही. पाठ दाराकडे, हात जोडलेले, ओठांवर नावं, पण एक नाव मी तीनदा म्हटलं असेन.

तो देवघराच्या दारात क्षणभर थांबला. मला साबणाचा वास आला, दाढीच्या साबणाचा. त्याने मला हाक मारली नाही. चर्च इथून चालत बारा मिनिटांवर आहे. पुढचं दार त्याने आवाज न करता ओढून घेतलं, आणि मग फाटकाबाहेर त्याची पावलं चर्चच्या दिशेने जाऊ लागली.